रुतणारी जमीन, तुसाची राख आणि चुना : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात कन्हार म्हणजे काळ्या, जड जमिनीतून ट्रॅक्टर काढून बघा. पुढची चाकं वळतात, मागची जागच्या जागी फिरतात, आणि टायरच्या खाचांत चिखल असा घट्ट बसतो की टायर गुळगुळीत होऊन जातो. तिथून दोन-तीन किलोमीटरवर राइस मिलच्या मागे राखेचा ढीग पडलेला असतो. वारा सुटला की ती राख आसपासच्या घरांच्या वाळवणावर येऊन बसते. वैनगंगेच्या खोऱ्यात ही दोन्ही दृश्यं कुणालाही नवीन नाहीत. त्या राखेने ती जमीन घट्ट करता येते. मी हे काम पांदण रस्त्यांवर, खळ्यांवर आणि गोठ्यांच्या अंगणात केलं आहे, आणि पहिल्यांदा हात घालणाऱ्याला जे माहीत असायला हवं ते इथे सांगतो.

आधी मर्यादा सांगतो. ही पद्धत पांदण, खळं, गोठ्याची किंवा शेडची जमीन, पेव्हर ब्लॉकखालचा थर अशा कामांसाठी आहे. जिथे भार पसरून येतो आणि वरचा एक-दीड फूट घट्ट झाला की भागतं, तिथे ती चालते. दुमजली घराच्या पायाखाली ही मिसळून निश्चिंत होऊ नका. फुगणाऱ्या काळ्या मातीत घरासाठी रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल हा जुना, खात्रीचा मार्ग आहे. तो अभियंत्याकडून करून घ्या. पैसे वाचवायची ती जागा नव्हे.

राख आणि चुना मिळून काय करतात

भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतो, आणि तूस जाळला की त्याच्याही पाचव्या हिश्शाएवढी राख उरते. म्हणजे एक टन धानामागे जेमतेम ४० किलो. या राखेत ८५ ते ९० टक्के सिलिका (वाळूत असते तीच) असते. भाताचं रोप जमिनीतून सिलिका ओढून घेतं आणि तुसात साठवतं, म्हणूनच तूस हाताला एवढा खरबरीत लागतो.

पण नुसती राख मातीत कालवून काही बांधलं जात नाही. राखेला जागं करतो तो चुना. चुना ओल्या मातीत गेला की दोन गोष्टी घडतात. पहिली काही तासांत: चिकणमातीच्या पातळ पापुद्र्यांना चुन्यातलं कॅल्शियम धरून ठेवतं, पापुद्रे एकमेकांना चिकटून दाणे होतात, आणि हाताला लोण्यासारखी लागणारी माती रवाळ होते. दुसरी गोष्ट हळू, आठवड्यां-महिन्यांनी होणारी: चुना आणि सिलिका पाण्याच्या साक्षीने एकत्र येऊन सिमेंटमध्ये बनतो तोच चिवट पदार्थ बनवतात. मातीतली स्वतःची सिलिका सहज हाती लागत नाही, राखेतली लागते. राखेचं काम एवढंच, पण मोलाचं.

म्हणून कुणी सांगितलं की ट्रॉलीभर राख टाका, जमीन पक्की होईल, तर ऐकू नका. कच्चा तूस किंवा तणस (धानाचा पेंढा) चिखलात टाकण्याबद्दल तर आणखी ठामपणे सांगतो. आमच्याकडे दरवर्षी कुणीतरी रुतणाऱ्या जागी तुसाच्या दोन ट्रॉल्या ओततं. आठवडाभर गाड्या छान जातात. मग तूस पाणी पितो, कुजायला लागतो, आणि दुसऱ्या झडीला ती जागा आधीपेक्षा खोल खचते, वर आंबूस वास येतो. कुजणारी कोणतीही गोष्ट जमिनीखाली गाडून तिच्यावर भार द्यायचा नाही.

पहिली पायरी : माती ओळखा

पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्याला हे शिकवायची गरज नाही. कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बर्डी ही नावं आजोबांपासून चालत आली आहेत. कन्हार म्हणजे काळी, जड, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर चुना उत्तम काम करतो. सिहार रेताड असते, तिच्यात चिकणमाती कमी, त्यामुळे चुन्याला धरायला फारसं काही मिळत नाही. तिथे निचरा आणि मुरूम पुरतो. मोरंड दोन्हींच्या मध्ये.

तरी नावावर विसंबू नका, खड्डा घ्या. चार फूट खोल, दोन-तीन ठिकाणी. वरच्या अर्ध्या फुटात मुळ्या आणि शेणखत असतं, ते बाजूला टाका आणि एक ते दोन फूट खोलीची माती काढा. ओल्या मातीची तळहातावर वळी करा. पेन्सिलीच्या निम्म्या जाडीपर्यंत न तुटता गेली तर चिकणमाती भरपूर आहे. वास घ्या. गाळासारखा कुजका वास आला, रंग एकदम काळाकुट्ट आणि तंतू दिसले, तर त्या मातीत सेंद्रिय पदार्थ जास्त आहेत. ते चुना खाऊन टाकतात आणि पुढची क्रिया होऊ देत नाहीत. अशी माती उचलून बाजूला करणंच स्वस्त पडतं. जमिनीवर क्षारांची पांढरी पूड फुलून येत असेल तर प्रयोगशाळेत सल्फेट तपासून घ्या. सल्फेट आणि चुना एकत्र आले की काही महिन्यांनी जमीन फुगून वर येते, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

आता माझी आवडती परीक्षा. शंभर मिलिलिटरची काचेची दोन मोजपात्रं घ्या. माती कोरडी वाळवून, कुटून, बारीक चाळणीतून चाळा. प्रत्येक पात्रात दहा-दहा ग्रॅम टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरा. काचेच्या काडीने हळू ढवळून बुडबुडे काढा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तिथे ती समजा १० मिलिलिटरवर बसली. पाण्यात १८ वर आली. म्हणजे फुगवटा ८० टक्के. आकडा पन्नासच्या पुढे गेला की ती माती त्रास देणार असं धरून चाला. भारतीय मानकांतही मुक्त फुगवट्याची हीच चाचणी आहे. सकाळी उठून त्या दोन पात्रांकडे शेजारी शेजारी पाहिलं की रस्ता का उखडतो हे वेगळं समजवावं लागत नाही. गावातल्या लोकांना दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

दुसरी पायरी : पाणी काढा. हे झाल्याशिवाय पुढे वाचू नका

मामा (जुन्या मालगुजारी) तलावाच्या खालच्या अंगाची पांदण, दोन्ही बाजूंना बांध्या म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, बांध्यांत चार महिने पाणी. अशा जागी कितीही चांगलं मिश्रण केलं तरी ते बाजूने आणि खालून भिजत राहणार. चिकणमाती वातीसारखी पाणी वर ओढते. मी पाहिलेल्या फसलेल्या कामांपैकी बहुतेक राखेमुळे फसलेली नव्हती, चर नसल्यामुळे फसली होती.

दोन्ही बाजूंना चर खोदा. चराचा तळ तुमच्या पक्क्या थराच्या तळापेक्षा किमान एक फूट खाली हवा. उतार दर शंभर फुटांना अर्धा फूट तरी ठेवा आणि तो डोळ्यांनी नव्हे, लेव्हल पाइपने बघा. सपाट दिसणाऱ्या जमिनीवर डोळा हमखास फसवतो. चर नाल्यात किंवा सार्वजनिक पाटात संपला पाहिजे. तो दुसऱ्याच्या बांधीत सोडलात तर रस्ता टिकेल, शेजार टिकणार नाही. जिथे धुरा (शेताचा बांध) ओलांडायचा तिथे सिमेंटचा पाइप टाका. रस्त्याची पातळी आजूबाजूच्या बांधीतल्या पाण्यापेक्षा किमान दीड फूट उंच येईल अशी भर आधी करून घ्या.

चर दिवाळीनंतर, धान निघाल्यावर खोदा आणि जमीन महिना-दीड महिना निथळू द्या. राख-चुन्याचं काम जानेवारी ते मार्चमध्ये करा. एप्रिलच्या अखेरीस सगळं आटोपलं की पावसाआधी मिश्रणाला मुरायला महिन्याहून जास्त वेळ मिळतो. मे अखेरीस घाईने केलेलं काम पहिल्या पावसात कच्चं सापडतं.

तिसरी पायरी : राख निवडा

सगळी राख सारखी नसते. मध्यम आचेवर, साधारण सातशे अंशांच्या आत जळलेल्या तुसाची सिलिका चुन्याशी पटकन जुळते. भट्टी फार तापली की तीच सिलिका स्फटिक होऊन बसते आणि जवळजवळ निरुपयोगी होते. आच कमी आणि हवा कमी पडली तर कोळसा उरतो. रंगावरून अंदाज येतो: काळी म्हणजे कोळसा जास्त, करडी ते राखाडी-पांढरी म्हणजे चांगली, गुलाबी झाक असलेली पांढरी म्हणजे बहुधा जास्त भाजलेली.

कोळशाचं माप घरी काढता येतं. शंभर ग्रॅम कोरडी राख लोखंडी तव्यावर पातळ पसरून तवा लाल होईपर्यंत तापवा, अधूनमधून हलवत तासभर ठेवा, थंड झाल्यावर वजन करा. दहा-बारा ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर दुसऱ्या मिलची राख बघा. उसना (उकडा) तांदूळ करणाऱ्या मिलच्या बॉयलरची राख मला बहुतेक वेळा बरी मिळाली आहे. ती ढिगाच्या पोटातली, कोरडी घ्या. उघड्यावर भिजलेल्या राखेत पाण्याचंच वजन पैसे देऊन आणाल.

हे मी अनुभवाने शिकलो. माझ्या पहिल्या कामात राख घमेल्याने मोजली होती. तिचा अर्धा भाग ओला, अर्धा न जळलेला तूस. मिश्रणात प्रत्यक्ष राख गेली ठरवल्याच्या निम्मी. दोन महिन्यांनी त्या पट्ट्यात लोखंडी सळई हाताच्या जोराने आत जात होती. तेव्हापासून राख चाळून, वाळवून, वजनकाट्यावरच मोजतो. ती हलकी असते. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत दहा किलोच्या आसपासच मावते.

सांगली-कोल्हापूरकडच्या वाचकांकडे धानाऐवजी ऊस आहे. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली बगॅसची (उसाच्या चिपाडाची) राख याच पद्धतीने वापरता येते, फक्त तिच्यात कोळसा आणि माती जास्त सापडते, म्हणून तव्याची परीक्षा चुकवू नका. आणि प्रेसमड (उसाच्या रसातून गाळलेला मळ) वेगळा, राख वेगळी. प्रेसमड शेताला द्या, रस्त्याखाली नको.

चौथी पायरी : चुना किती, राख किती

चुना ताजा हवा. कळीच्या चुन्याचा खडा पाण्यात टाकला की तो फसफसून तापला पाहिजे. हवेत महिनोन्‌महिने पडलेला चुना पुन्हा चुनखडी झालेला असतो, त्यात जीव नसतो. नवख्यांनी विरवलेला, गोणीबंद, कोरडा चुनाच घ्यावा. कळीचा चुना ओली माती लवकर सुकवतो हे खरं, पण तो हाताळणं धोक्याचं आहे.

प्रमाण ठरवायला सामू (पीएच) मोजायचं यंत्र मागून आणा. पाच बाटल्यांत पंचवीस-पंचवीस ग्रॅम चाळलेली कोरडी माती, मातीच्या वजनाच्या २, ३, ४, ५, ६ टक्के चुना आणि शंभर मिलिलिटर शुद्ध पाणी घाला. तासभर दर दहा मिनिटांनी हलवा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला सामू १२.४ पर्यंत पोहोचतो, तेवढा चुना मातीला लागतोच. त्यात एक टक्का वाढवा, कारण शेतात मिसळणं बाटलीइतकं एकसारखं होत नाही.

राखेसाठी नमुने करा. दोन इंची पीव्हीसी पाइपचे चार-चार इंची तुकडे घ्या. ठरलेला चुना, आणि राख ०, ६, ९, १२ टक्के. थोडं पाणी घालून लाकडी दांड्याने तीन थरांत ठोकून भरा. बाहेर काढून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. काही सात दिवसांनी, काही अठ्ठावीस दिवसांनी उघडून बादलीभर पाण्यात बुडवा. साध्या मातीचा नमुना तासाभरात पेंडीसारखा विरघळतो. चांगल्या मिश्रणाचा नमुना दुसऱ्या दिवशीही बाहेर काढून दाबता येतो. राख वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर ताकद उतरते, कारण राख मातीला हलकी करते. माझ्याकडे बहुतेक वेळा ८ ते १० टक्क्यांवर उत्तर आलं, पण तुमची माती तुमचं उत्तर देईल. सार्वजनिक रस्ता असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी घ्या, आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चार दिवस भिजवलेल्या नमुन्याची सीबीआर (माती किती भार पेलते त्याची) चाचणी करून घ्या. साध्या काळ्या मातीची भिजलेली सीबीआर अनेकदा दोनच्याही खाली असते, त्यामुळे फरक आकड्यात दिसतो.

हिशेब असा. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड थर म्हणजे ६० घनमीटर. घनमीटरला दीड टन धरला तर ९० टन माती. ४ टक्के चुना ३.६ टन, ८ टक्के राख ७.२ टन. एवढ्या राखेसाठी सुमारे १८० टन धान भरडावं लागतं, म्हणून मिलवाल्याशी हंगामातच बोलून ठेवा. कामाच्या जागी मोजायला सोपं: दर चौरस मीटरला चुना १२ किलो, राख २४ किलो. दोऱ्याने चौकोन आखून प्रत्येक चौकोनात मोजलेल्या गोणी उभ्या करा, मगच फोडा.

पहिल्या वेळी शंभर मीटर करू नका. तीन मीटर बाय तीन मीटरचा तुकडा करा.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष काम

गवत आणि वरची माती काढा. कल्टिव्हेटरने वीस सेंटिमीटर नांगरा आणि ढेकळं उन्हात सुकू द्या. मग रोटाव्हेटर फिरवा, ढेकूळ बोराएवढं होईपर्यंत. ढेकळाच्या पोटात चुना जात नाही, तो फक्त वरून पांढरा होतो आणि आतली माती पावसात फुगायला मोकळीच राहते.

आता निम्मा चुना पसरा, मिसळा, किंचित पाणी शिंपडा, हलकं दाबा आणि एक-दोन दिवस मुरू द्या. तिसऱ्या दिवशी मूठभर माती उचलून बघा. परवा बोटांना चिकटणारी माती आज जाड रव्यासारखी झरते. चुना बाकी काही करायच्या आधी एवढं करतो, आणि त्यामुळे पुढचं मिसळणं निम्म्या कष्टात होतं. मग उरलेला चुना आणि सगळी राख टाका आणि रोटाव्हेटर तीन-चार वेळा उभा-आडवा फिरवा. मिश्रण एकसारखं झालं का हे बघायला फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारा. चुना असेल तिथे गुलाबी होतं. जिथे गुलाबी नाही तिथे परत फिरवा.

पाणी किती? शेतकऱ्याला एकच शब्द पुरे: वाफसा. पेरणीला हवा त्यापेक्षा किंचित जास्त, कारण राख पाणी पिते. मुठीत दाबलेला गोळा टिकला पाहिजे, कमरेच्या उंचीवरून टाकला तर दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, चपटा झाला तर जास्त.

त्याच दिवशी दाबा. दुसऱ्या दिवसावर ठेवलं तर नुकतेच जुळलेले बंध रोलर मोडून टाकतो. आठ-दहा टनांचा रोलर मिळाला तर उत्तम. नसेल तर दहा सेंटिमीटरचे दोन थर करून भरलेल्या ट्रॉलीच्या फेऱ्या द्या, कडांना धुम्मस वापरा. मधोमध उंची ठेवा; तीन मीटर रुंदीला मध्यापासून कडेपर्यंत सहा-सात सेंटिमीटरचा उतार पुरतो.

मग ओलावा टिकवा. वर तणस पसरा आणि सात दिवस, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. तणसाची योग्य जागा ही, जमिनीवर, खाली नव्हे. या काळात एकही गाडी नको. दोन्ही टोकांना बाभळीच्या फांद्या आडव्या टाका. नंतर वर किमान चार इंच मुरूम किंवा गिट्टीचा थर हवाच. राख-चुन्याची माती भार पेलते, पण उघडी ठेवली तर चाकांनी झिजते.

अंगाची काळजी

चुना घामावर बसला की भाजतो. डोळ्यांना बंद चष्मा, हातात रबरी मोजे, पायात गमबूट, तोंडाला चांगला मास्क, अंगभर कपडे. राखेची धूळही फुप्फुसाला वाईट, विशेषतः जास्त भाजलेली. वारा असेल त्या दिवशी गोणी फोडू नका. चुना डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि चोळत न बसता दवाखान्यात जा. पाण्याचा कॅन कामाच्या जागी आधीच भरून ठेवा. मजुरी वाचवायला मुलांना या कामावर आणू नका. आणि चुन्याचं पाणी तलावात किंवा बोडीत (लहान तळ्यात) जाऊ देऊ नका, मासे मरतात.

जिथे माती मिसळताच येत नाही

कोकणातली खाजणं, खाडीकाठची गाळाची जमीन इथे रोटाव्हेटरच उतरत नाही. तिथे शेतीतलाच दुसरा टाकाऊ माल कामी येतो: नारळाच्या सोडणाचा काथ्या. काथ्याची विणलेली जाळी चिखलावर अंथरून वर मुरूम टाकला की मुरूम चिखलात बुडत नाही आणि पाणी मात्र निघून जातं. काथ्यात लिग्निन (लाकडाला टणक करणारा पदार्थ) भरपूर असल्याने तो तणसासारखा लगेच कुजत नाही, काही वर्षं टिकतो, आणि तोवर खालची माती भाराने दबून घट्ट झालेली असते. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात २०२० मध्ये काथ्याच्या जाळीला मान्यता मिळाली. जाळी अंथरताना दोन पट्टे एकमेकांवर फूटभर चढवा आणि ट्रॅक्टर थेट जाळीवर नेऊ नका, मुरूम पुढे ढकलत जा.

पहिला पावसाळा

काम करताना पाच मीटरचा एक पट्टा मुद्दाम साधा ठेवा, फक्त चर आणि मुरूम, राख-चुना नाही. दोन्ही टोकांना खुंट्या रोवा. श्रावणात, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, भरलेली ट्रॉली दोन्ही पट्ट्यांवरून न्या आणि चाकोरीची खोली टेपने मोजून वहीत लिहा. चर तुंबलेत का तेही त्याच फेरीत बघा. फावडं सोबत असू द्या.